गळ्यातला पट्टा, पुड्यांतलं चूर्ण आणि ५७,५५० रुपये

फिटवर ‘ऑपरेशनशिवाय’ उपचार म्हणून एका ‘सेंटर’नं माझ्याकडून घेतलेले पैसे असे: नोंदणी १,५००, ‘मेंदूची नाडीतपासणी’ ४,८००, गळ्याचा पट्टा ३८,५००, तीन महिन्यांचं चूर्ण १२,७५०. एकूण ५७,५५० रुपये. पावतीवर फक्त ‘वेलनेस साहित्य’. डॉक्टरचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. असा कागद कुणी हातात दिला तर चपला घाला आणि निघा.

मला नववीपासून फिट (अपस्माराचे झटके) येतात. दोन गोळ्या पुऱ्या मात्रेत घेऊनही येतात. अशा वेळी नुसत्या गोळ्या बदलत बसायचं नसतं, व्हिडिओ ईईजी (चित्रीकरण करत मेंदूतल्या विद्युतलहरींची नोंद) आणि खास एमआरआय करून ऑपरेशनचा विचार करायचा असतो, हे माझ्या न्यूरोलॉजिस्टनी नीट सांगितलं होतं. पण ‘कवटी उघडणार’ म्हटल्यावर सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. दुसरा मार्ग व्हेगस नर्व्हच्या यंत्राचा, म्हणजे मानेतून जाणाऱ्या या नसेला विजेची हलकी स्पंदनं देणाऱ्या यंत्राचा. ते छातीत कातडीखाली बसवतात, खर्च लाखांत, आणि फिट कमी होतात, पूर्ण थांबतीलच असं नाही. आम्ही या पेचात होतो आणि दवाखान्याबाहेरच्या टपरीवर एक सभ्य गृहस्थ भेटले. ‘ताई, माझ्या भाचीचं अगदी तुमच्यासारखंच होतं.’ पुढचं तुम्हाला माहीत आहे. या लोकांना भाची असतेच.

सिंहगड रोडच्या आतल्या गल्लीत तळमजल्याचा फ्लॅट. तिथल्या ‘सरांनी’ फिट कशी येते, किती वेळ टिकते, आधी काही जाणवतं का, यातलं एक अक्षर विचारलं नाही. एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली आणि तशीच पाकिटात घातली. मग ‘ऑपरेशनशिवाय व्हेगस’ म्हणून तो पट्टा माझ्या गळ्याला बांधला आणि त्याची चकती उजव्या बाजूला आणली.

हा क्षण मला अजून झोपू देत नाही. आदल्याच रात्री मी वाचलं होतं की खऱ्या यंत्राची तार डाव्या बाजूच्या नसेला जोडतात, कारण उजवीकडच्या नसेचा हृदयाच्या ठोक्यांशी जास्त संबंध असतो. मी विचारलंसुद्धा, ‘सर, डावीकडे ना?’ त्याने एक क्षणही न घेता उत्तर दिलं, ‘तुम्ही डावखुऱ्या आहात ना, म्हणून उलटं.’ फॉर्मवर मी डाव्या हाताने सही केलेली त्याने पाहिली होती! मला वाटलं, काय बारीक निरीक्षण आहे माणसाचं. नवराही मान डोलावत होता, आणि आज तोच मला ऐकवतो.

हसणाऱ्यांनी एकदा लक्ष्मी रोडवर भर गर्दीत पडून बघावं. शुद्ध येते तेव्हा नाकाशी कुणाची तरी चप्पल असते. (चप्पल, कांदा, चमचा काही लावू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ लावा.) त्यानंतर कुणी ‘ऑपरेशनशिवाय’ म्हणालं तर ऐकावंसं वाटणारच.

आणि फिट खरंच थांबल्या. पट्टा नुसता गुरगुरत होता, पण चूर्ण घेतलं की दुपारपर्यंत डोळे उघडत नसत. ‘मेंदू विश्रांती घेतोय,’ म्हणे. मग पुढचं कुरिअर आलं नाही, चूर्ण संपलं आणि एका रात्री फिटवर फिट. शुद्धच येईना. आयसीयूत रक्त तपासलं तर फेनोबार्बिटोन सापडलं. माझ्या डॉक्टरांनी ते मला कधीच दिलं नव्हतं. १९१२ पासून फिटसाठी वापरलं जाणारं हे स्वस्त औषध, तेच माझ्या वनस्पतींच्या चूर्णात. ते एकदम तुटलं की फिट उसळून येतात. त्या ‘सरांनी’ माझ्या नेहमीच्या गोळ्या बंद करा असंही सांगितलं होतं. त्या मी सोडल्या नव्हत्या, एवढं तरी लक्षात घ्या. तुम्हीही सोडू नका, कुणीही सांगो. ‘वनस्पती’ घेऊन गुंगी येत असेल तर पुडी घेऊन थेट डॉक्टरकडे जा.

आता तक्रारीची गंमत ऐका. चौकीत म्हणाले, ‘पैसे तुम्हीच दिलेत ना ताई, मग ही दिवाणी बाब.’ औषधांच्या कार्यालयात विचारलं, आयुर्वेदिक की ॲलोपॅथिक? मी म्हटलं, तेच तर तुम्ही तपासायचं! उत्तर मिळालं, सीलबंद पाकीट आणा. उघडलेली पुडी चालत नाही. मी चूर्ण पाकिटातूनच हुंगायला हवं होतं बहुतेक. ऑनलाइन फसवणुकीच्या फोनवर सांगितलं की तुम्ही यूपीआयने स्वखुशीने पाठवलेत. १९५४ चा जादुई उपायांच्या जाहिरातींवरचा कायदा मी छापून नेला होता. फिट बऱ्या करण्याचे दावे करायला त्यात बंदी आहे, रोगांच्या यादीत अपस्मार स्पष्ट लिहिलाय. साहेबांनी कागद उलटा ठेवला, वर चहा ठेवला आणि विचारलं, ‘जाहिरात कुठाय? हे तर सगळं तोंडी.’

पैसे देताना खातं कुणाच्या नावावर आहे ते बघा. माझे गेले एका खासगी बाईच्या खात्यात. आणि ऑपरेशनला घाबरून माझ्यासारखे रेंगाळू नका. टेम्पोरल लोबमधून (कानाजवळच्या मेंदूच्या भागातून) उठणाऱ्या फिटवर २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या चाचणीत वर्षभरानंतर शुद्ध हरपणाऱ्या फिटमधून शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के मोकळे होते, नुसत्या औषधांच्या गटातले ८ टक्के. सगळ्यांना ऑपरेशन लागू पडत नाही, पण ते तपासणीनंतर ठरतं, टपरीवर नाही.

माझ्या व्हिडिओ ईईजीची तारीख लागली आहे. परवा त्या ‘सेंटर’चा मेसेज आला: जुना पट्टा परत करा, वर २२,००० भरा, ॲडव्हान्स मॉडेल घ्या, ‘फिट कायमची बंद, शंभर टक्के खात्री’. साहेबांना हवा होता तो लेखी दावा त्यांनी स्वतःच पाठवलाय. सोमवारी छापून नेतेय, चहा ठेवता येणार नाही अशा जाड फाईलमध्ये.