डॉक्टरांचे रिसर्च पेपर शोधताना: गुगल स्कॉलर आणि पबमेडचा रिव्ह्यू, पेशंटच्या घरच्यांसाठी

गुगल स्कॉलर म्हणजे सगळ्या विषयांचे रिसर्च पेपर शोधायचं गुगलचं सर्च, आणि पबमेड म्हणजे मुख्यतः वैद्यकीय पेपर शोधायची साइट. दोन्ही फुकट आहेत, लॉगिन लागत नाही, मोबाइलवर चालतात, आणि घरात ब्लड कॅन्सरचा पेशंट असेल तर दोन्ही वापरायला शिकाच असं माझं मत आहे. फक्त स्कॉलरच्या प्रोफाइलवर जो आकड्यांचा चौकोन असतो ना, सायटेशन्स (म्हणजे त्यांच्या पेपरांचा संदर्भ इतरांनी किती वेळा दिला), एच-इंडेक्स वगैरे, तो बघून डॉक्टर ठरवू नका प्लीज.

हे एवढ्यासाठी लिहितेय की माझ्या आत्याला सीएमएल निघाला (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, ब्लड कॅन्सरचा एक प्रकार; ती नौपाड्यात राहते, आता तब्येत छान आहे) तेव्हा फॅमिली ग्रुपवर दोन डॉक्टरांच्या प्रोफाइलचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावून "याचा एच-इंडेक्स जास्त, इथेच जाऊ" असं जवळजवळ ठरलंच होतं. मी म्हटलं थांबा, आधी हा आकडा आहे काय ते तरी बघू.

एच-इंडेक्स 20 म्हणजे त्या माणसाच्या 20 पेपरांना प्रत्येकी निदान 20 वेळा कुणीतरी संदर्भ दिलाय, बस एवढंच. 2005 साली हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने काढलेलं हे माप आहे, त्यात पेशंट कुठेच नाही. वय वाढेल तसा हा आकडा वाढतो, कमी कधीच होत नाही, त्यामुळे तरुण डॉक्टर कायम मागेच दिसणार. टोटल सायटेशन्सचं तर आणखी वेगळं, ब्लड जर्नलमध्ये 2016 ला डब्ल्यूएचओच्या ल्युकेमिया वर्गीकरणाचा पेपर आला, त्याला जगभरातून हजारो सायटेशन्स आहेत, अशा एका पेपरवर नाव असलं तरी प्रोफाइल भरून जातं. आणि प्रोफाइल ज्याने त्याने स्वतःच बनवायचं असतं, रोज ओपीडीत मान वर करायला वेळ नसलेले कितीतरी चांगले डॉक्टर तिथे सापडतच नाहीत.

पबमेड मला जास्त आवडलं. दिसायला रुक्ष आहे, पण डॉक्टरचं नाव आणि आजाराचं नाव एकत्र टाकायचं, मग क्लिनिकल ट्रायलचा फिल्टर लावायचा, की आपल्या आजारावर या माणसाने खरंच काय काम केलंय ते समोर येतं. पेपर मागे घेतला गेला असेल तर तसं वरच लिहिलेलं असतं, ही फार मोठी सोय आहे. पाटील, जोशी, शाह अशी नावं असली की मात्र एकाच आद्याक्षराचे ढीगभर लोक येतात, तेव्हा नावाखाली हॉस्पिटल कुठलं दिलंय ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. लेखकांच्या यादीत पहिलं नाव बहुतेक वेळा ज्याने प्रत्यक्ष काम केलं त्याचं आणि शेवटचं टीमच्या सीनियरचं, मधल्या वीस-तीस नावांवरून फार काही कळत नाही.

स्कॉलरचं खरं सोनं 'साइटेड बाय' मध्ये आहे. एक पेपर उघडा, तो पुढे कुणी कुणी वापरला ते बघत जा. आत्याच्या रिपोर्टवर टी(9;22) लिहिलं होतं, क्रोमोझोममधल्या (गुणसूत्रांमधल्या) बदलाची ती खूण, तिथूनच मी सुरू केलं. 1960 ला नॉवेल आणि हंगरफोर्ड यांनी सीएमएलच्या पेशंटमध्ये एक छोटुसं क्रोमोझोम दिसल्याची अगदी छोटी नोंद सायन्स नावाच्या जर्नलमध्ये दिली. 1973 ला जॅनेट राउली यांनी दाखवलं की 9 आणि 22 नंबरच्या क्रोमोझोममध्ये तुकड्यांची अदलाबदल होऊन ते छोटं क्रोमोझोम बनतं, नेचर जर्नलमधला तो पेपर एकट्या बाईंच्या नावावर आहे! आणि 2001 ला ब्रायन ड्रुकर यांच्या टीमचा इमॅटिनिब या सीएमएलवरच्या गोळीचा पेपर, रोज 300 मिलिग्रॅम किंवा जास्त डोस घेणाऱ्या 54 पेशंटपैकी 53 जणांचे ब्लड काउंट नॉर्मलला आले. इंटरफेरॉन या आधीच्या औषधाचा उपयोग न झालेले पेशंट होते हे. तीच गोळी आज आत्या जेवण झाल्यावर मोठा ग्लासभर पाण्यासोबत घेते, 400 ची. हे वाचताना मला खरंच भरून आलं, कारण एच-इंडेक्सच्या हिशोबात राउलीबाईंचा तो पेपर म्हणजे फक्त एक पेपर.

उलटं पण होतं. आपल्या खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र, आणि आयआयटी बॉम्बे यांच्या कामातून भारताची पहिली कार-टी थेरपी (पेशंटच्याच रक्तातल्या टी-पेशी लॅबमध्ये बदलून कॅन्सरशी लढायला परत देतात ती) आली, नेक्सकार19, ऑक्टोबर 2023 ला मंजुरी मिळाली, आणि ट्रायलचा पेपर लॅन्सेट हेमॅटॉलॉजीत 2025 ला आला. एवढ्या नव्या पेपरला जुन्यांइतकी सायटेशन्स कुठून असणार? म्हणून स्कॉलरवर यादी नेहमी वर्षाप्रमाणे लावून बघा, नाहीतर वर सगळं जुनंच दिसतं.

माझे स्टार: पबमेड साडेचार, स्कॉलर साडेतीन. अर्धा-एक स्टार दोघांचाही भाषेपायी गेला, कारण सारांश सगळे इंग्रजीत, तेही डॉक्टरी इंग्रजीत, माझ्या काकांना त्यातलं एक वाक्य लागत नाही आणि आत्याच्या फाइली तर तेच सांभाळतात. ब्लड कॅन्सरच्या महत्त्वाच्या पेपरांचे सारांश सोप्या मराठीत कुणी करत असेल, एखाद्या हेमॅटॉलॉजिस्टकडून (रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरकडून) तपासून घेऊन, तर मला सांगा, टायपिंग आणि लिखाण करायला मी तयार आहे.