वृद्धाश्रमातल्या माणसाचा पैसा घरचेच लोक कसा काढून घेतात

वृद्धाश्रमाची फी थकली की पहिल्यांदा शंका येते. पेन्शन दरमहा जमा होतंय, एफडीचं व्याज येतंय आणि तरी तीन महिन्यांची फी बाकी आहे. विचारलं की मुलगा म्हणतो, "बँकेचं जरा अडकलंय, पुढच्या आठवड्यात भरतो." तोवर बहुतेक वेळा खातं रिकामं झालेलं असतं आणि घरही दुसऱ्याच्या नावावर चढलेलं असतं.

पुढची हकीकत एका कुणाची नाही. अशा प्रकरणांत जे पुन्हा पुन्हा घडतं ते इथे एकत्र मांडलं आहे, म्हणून नावंगावं नाहीत. नवरा गेलेल्या, ऐंशीच्या आसपासच्या एक आजी. पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रियेनंतर घरी कुणी बघणारं नाही म्हणून वृद्धाश्रमात आल्या. बुद्धी शाबूत, पण चालणं बंद. फॅमिली पेन्शन, काही एफडी आणि नावावर राहता फ्लॅट. मुलगी परगावी, धाकटा मुलगा जवळ. सगळं तोच बघतो, त्यामुळे सगळ्यांना हायसं वाटतं.

लूट सुरू होते ती पहिल्याच दिवशी, आणि तेव्हा ती लूट वाटत नाही. "आई, इथे हरवेल, मी सांभाळतो," असं म्हणून पासबुक, चेकबुक, एटीएम कार्ड, मूळ आधारकार्ड आणि लॉकरची किल्ली एका पिशवीत घरी जाते. मग बँकेतला मोबाइल नंबर बदलला जातो. ओटीपी आणि खात्याचे मेसेज आता मुलाच्या फोनवर येतात. या दोन गोष्टी झाल्या की आजींच्या खात्यात काय चाललं आहे हे आजी सोडून सगळ्यांना कळू शकतं. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच एक यादी करावी: कोणती कागदपत्रं कुणाकडे गेली, त्याखाली घेणाऱ्याची सही आणि तारीख, एक प्रत आजींकडे, एक संस्थेच्या फाइलमध्ये. प्रामाणिक मुलाला यात अपमान वाटायचं कारण नाही. उद्या बहिणीने संशय घेतला तर हाच कागद त्याच्या बाजूने बोलेल. बँकेतला नंबर मात्र आजींचाच राहू द्यावा. साधा बटणांचा फोन असला तरी चालतो.

तिसरी पायरी जॉइंट खात्याची. "तुला बँकेत येणं जमायचं नाही, माझं नाव घालून ठेवू." फॉर्मवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' या रकान्यात खूण होते. याचा अर्थ दोघांपैकी कुणीही एकट्याच्या सहीने पैसे काढू शकतो. मुलाने सगळी रक्कम काढली तरी बँकेच्या दृष्टीने त्यात काही चुकीचं नसतं आणि बँकेकडे भांडून उपयोग होत नाही. मदतीसाठी दुसरं नाव घालायचंच असेल तर 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' निवडावं. त्यात आजींच्या हयातीत व्यवहार फक्त आजींच्या सहीने होतात आणि त्यांच्या पश्चात दुसऱ्याला रक्कम मिळते. एफडीच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असली तरी मुदतीआधी एफडी मोडायला साधारणपणे दोघांच्याही सह्या लागतात. म्हणून तर आजींसमोर मध्येच एखादा कोरा फॉर्म येतो, "फक्त इथे सही कर." कोऱ्या फॉर्मवर, कोऱ्या चेकवर, अर्ध्याच भरलेल्या कागदावर सही नाही, हा नियम इथे मोडला की पुढचं सारं हातचं जातं.

मुळात "बँकेत येणं जमत नाही" हे खात्यावर दुसऱ्याचं नाव घालायला पुरेसं कारणच नाही. आजारी किंवा हात थरथरणाऱ्या खातेदाराचा अंगठा बँकेला घेता येतो. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे त्यासाठी बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. सत्तरीच्या पुढच्या ग्राहकांना रोख रक्कम देणं, डिमांड ड्राफ्ट पोचवणं, हयातीचा दाखला घेणं अशा मूलभूत सेवा दारापर्यंत द्याव्यात, अशाही सूचना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना दिल्या आहेत. शाखेला लेखी अर्ज करून त्याची पोच घ्यावी. फीसाठी सर्वात चांगली सोय म्हणजे आजींच्या एकटीच्या खात्यातून संस्थेच्या खात्यात दरमहा ठरावीक रक्कम जाण्याची स्थायी सूचना. पेन्शन येतं, फी जाते, मधे कुणाचा हात लागत नाही.

हयातीच्या दाखल्याच्या वेळी विशेष लक्ष हवं. सरकारी पेन्शनरांना तो नोव्हेंबरात द्यावा लागतो, केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. वर्षभर न फिरकलेला नातेवाईक नेमका याच दिवसांत आजींना गाडीत घालून नेतो आणि एकदा दाखला दिला की पुन्हा दिसत नाही. 'जीवन प्रमाण', म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही करता येतं. ते वृद्धाश्रमातच, आजींच्या समोर करावं. आधारला जोडलेल्या खात्यातून अंगठ्यावर रोख काढण्याची सोय असते, तिचाही गैरवापर होतो. आधारच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतात आणि गरजेपुरते उघडता येतात.

मग येतं मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा दुसऱ्याला दिलेला लेखी अधिकार. नोटरी केलेला कागद, मजकूर पाठपोट दोन पानं, त्यात "माझ्या सर्व स्थावर-जंगम मिळकतीचे सर्व व्यवहार" असं एक वाक्य. आजींना सांगितलेलं असतं की लाइट बिल आणि सोसायटीच्या मेंटेनन्ससाठी हवंय. तेवढ्याचसाठी हवं असेल तर तेवढंच लिहावं: कोणतं काम, कोणतं कार्यालय, किती मुदत. विकणे, गहाण ठेवणे, बक्षीस देणे, एफडी मोडणे हे अधिकार दिलेले नाहीत असं स्पष्ट नमूद करावं. एक गैरसमज अनेक चांगल्या घरांतही असतो, की आईची स्मृती गेली तरी मुखत्यारपत्र आहे, काळजी नाही. आपल्याकडे तसं नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणारा मरण पावला किंवा त्याची मानसिक क्षमता गेली की अधिकार संपतो. त्यानंतर त्या कागदावर केलेले व्यवहार पुढे कोर्टात टिकणं अवघड असतं.

मुखत्यारपत्र रद्द करता येतं, पण नुसतं रद्द लिहून उपयोग नाही. कलम २०८ सांगतं की तिऱ्हाइताच्या बाबतीत अधिकार संपतो तो त्याला ते कळल्यावर. आजींनी सोमवारी रद्द केलं आणि बँकेला शुक्रवारी कळलं, तर मधल्या दिवसांतला व्यवहार बँक वैध धरू शकते. म्हणून रद्दपत्राची प्रत त्याच दिवशी बँकेच्या प्रत्येक शाखेला, गृहनिर्माण सोसायटीला, नोंदणी झालेली असेल तर त्या दुय्यम निबंधकाला (दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला) आणि अर्थात मुखत्यारालाही द्यावी. हातोहात दिली तर शिक्क्याची पोच, टपालाने पाठवली तर पोचपावती जपावी.

सगळ्यात मोठं नुकसान बक्षीसपत्राने, म्हणजे मालमत्ता हयातीतच फुकट दुसऱ्याच्या नावावर करणाऱ्या दस्ताने होतं. "मृत्युपत्राची पुढे कटकट होते, आताच नावावर करून टाक," हे वाक्य जवळपास प्रत्येक प्रकरणात ऐकू येतं. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवाला बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. त्यामुळे खर्चाची अडचण नसते. आजींना कार्यालयात जाता येत नसेल तर नोंदणी अधिकारी त्या असतील तिथे येऊन दस्त नोंदवू शकतो. कायद्यात ही सोय चांगल्यासाठीच आहे, पण तिच्यामुळे सगळं अर्ध्या तासात खोलीतल्या खोलीत उरकतं. साक्षीदार म्हणून कधी वृद्धाश्रमाचाच कर्मचारी सही करून टाकतो. आमचं संस्थांना कळकळीचं सांगणं आहे: तुमच्या कुणाही माणसाला अशा दस्तावर साक्षीदार होऊ देऊ नका, कोण किती वाजता आलं ते रजिस्टरमध्ये लिहा आणि आजींशी आधी एकांतात बोला.

मृत्युपत्र आजी हयात असेपर्यंत कितीही वेळा बदलू शकतात. नोंदवलेलं बक्षीसपत्र मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. छापील नमुन्यांत तर "नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, कोणत्याही मोबदल्याशिवाय" एवढंच असतं, आणि आजींचं पुढचं सगळं या एका ओळीत अडकतं. का, ते नीट समजून घ्या.

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या निर्वाह व कल्याण कायद्यातलं कलम २३ असं आहे: ६० वर्षांवरच्या व्यक्तीने, देखभाल आणि मूलभूत गरजा भागवण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर तो व्यवहार फसवणूक, जबरदस्ती किंवा गैरवाजवी दबावाने झाला असं मानून या कायद्याखालचं निर्वाह न्यायाधिकरण तो रद्द ठरवू शकतं. पण डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अशी अट होती हे दाखवावं लागतं. मुलाला दिलं म्हणजे सांभाळायचं आपोआपच आलं, असं धरून चालत नाही. जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने कायद्याचा उदार अर्थ लावला, आईने दिलेलं बक्षीसपत्र रद्द ठरवलं आणि न्यायाधिकरण ताबाही परत देववू शकतं असं म्हटलं. तिथे मुलाने सांभाळ करण्याचं वचनपत्र दिलेलं होतं, हे विसरू नये. तेव्हा बक्षीसपत्र करायचंच असं आजींनी पूर्ण समजून ठरवलं असेल तर दस्तातच ही ओळ हवी: "बक्षीस घेणार हे देणार यांच्या हयातीत त्यांचे राहणे, जेवण, औषधोपचार व वृद्धाश्रमाची फी यांचा संपूर्ण खर्च करतील, तसे न केल्यास हे बक्षीसपत्र रद्द करून घेण्याचा हक्क देणार यांना राहील." तोंडी शब्दावर विसंबू नये.

घर कुणाच्या नावावर आहे हे बाहेरगावची मुलगीही तपासू शकते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्ताचा शोध घेऊन इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) बघता येतो. शेतजमीन असेल तर सातबारा आणि फेरफार (मालकी बदलल्याची नोंद) बघावा. फेरफाराची नोटीस निघते तेव्हा हरकत घेण्याची मुदत थोडी असते आणि नोटीस बंद घराच्या दारावर जाते, आजी असतात वृद्धाश्रमात. म्हणून तलाठी कार्यालयाला आणि सोसायटीला आजींचा सध्याचा पत्ता लेखी कळवून ठेवावा.

लूट झाली आहे असं दिसलं तर आधी गळती थांबवावी. आजींच्या एकटीच्या नावाचं नवं खातं काढून पेन्शन तिकडे वळवावं, जुन्या बँकेला जॉइंट खात्याबद्दल लेखी हरकत द्यावी, एटीएम कार्ड बंद करावं. मग कागद जमवावेत: बँकेच्या शिक्क्याचं दोन-तीन वर्षांचं स्टेटमेंट, इंडेक्स टू, फी थकल्याचं संस्थेचं पत्र, भेटींच्या रजिस्टरची प्रत, त्या काळातले डॉक्टरांचे कागद. ज्या दिवशी दस्त झाला त्या दिवशी आजी गुंगीच्या औषधावर होत्या का, हे केसपेपरवरून कळतं आणि त्याला फार वजन असतं. अर्ज प्रांत कार्यालयातल्या निर्वाह न्यायाधिकरणाकडे करायचा. आजींना स्वतःला जमत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था त्यांच्या वतीने करू शकते. निर्वाहाच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत द्यायचा असं कायदा म्हणतो. मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. पैशांचा अपहार झाला असेल तर पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ (विश्वासघात) आणि ३१८ (फसवणूक) लागू शकतं. अटीशिवायचं बक्षीसपत्र दबावाने करून घेतलं असेल तर दिवाणी दावा हा मार्ग राहतो, आणि त्याला खरा प्रकार कळल्यापासून ३ वर्षांची मुदत असते. "बघू, समजावून सांगू" म्हणता म्हणता ती निघून जाते.

अडतं ते बहुतेक वेळा आजींपाशीच. "माझाच मुलगा आहे, जाऊ दे." यावर त्यांना दटावू नये. पैसा त्यांचा आहे. समजून-उमजून द्यायचा असेल तर तो त्यांचा हक्क आहे. आपण एवढंच बघायचं की त्यांना सगळं माहीत आहे का. कुणी नातेवाईक खोलीत नसताना, सकाळी त्या ताज्या असताना, स्टेटमेंट हातात देऊन विचारावं: ही रक्कम तुम्ही काढायला सांगितली होती का? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून तारीख घालावी. दोन-तीन वेळा, वेगवेगळ्या दिवशी.

स्मृती गेलेल्या माणसाबाबत हे शक्य नसतं, आणि त्याच्या नावाने नवा कागदही करता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता असतो. मालमत्तेवर त्याला अधिकार नाही. अशा वेळी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाकडे त्या माणसाचे व्यवहार बघणारा पालक नेमण्यासाठी अर्ज करावा लागतो. त्यासाठी वैद्यकीय अहवाल, सगळ्या वारसांची नावं आणि मालमत्तेची यादी तयार ठेवावी. पालकाने वेळोवेळी हिशोब सादर करावा अशी अट घालण्याची विनंती अर्जातच करावी. नंतर ती मागायची म्हटलं तर पुन्हा नव्याने कोर्टात जावं लागतं.