चिकट चिठ्ठ्यांचा गठ्ठा: वर्षभर वापरून झाल्यावर

पंपाचं बेअरिंग का गेलं हे शोधायला मला दोन दिवस लागतात आणि तेच रिपोर्टात मांडायला आठवडा. माइंड मॅपचं सॉफ्टवेअर वापरून पाहिलं, पण फांद्यांना रंग देण्यातच दुपार गेली. आता सगळी भिस्त भिंतीवर लावायच्या तीन इंची चौकोनी चिकट चिठ्ठ्यांवर.

पिवळ्या चिठ्ठीवर एकच विधान लिहायचं, तेही क्रियापदासकट. नुसतं ‘व्हायब्रेशन’ लिहिलं तर चिठ्ठी फाडायची. त्याखाली गुलाबीवर पुरावा आणि निळीवर आकृतीचं कच्चं रेखाटन. लिहायचं जाड मार्करनेच, म्हणजे आठ-दहा शब्दांत जागा संपते आणि पाल्हाळाला वावच राहत नाही. मागच्या रिपोर्टाच्या वेळी ‘शाफ्टचं अलाइनमेंट बिघडलं होतं’ (म्हणजे पंपाचा आणि मोटरचा दांडा एका रेषेत नव्हता) ही पिवळी चिठ्ठी ऐटीत सगळ्यात वर बसली होती आणि तिच्याखाली भिंत मोकळी. अलाइनमेंटचं रीडिंग कुणी घेतलंच नव्हतं! टाइप केलेल्या तीन परिच्छेदांत ही गोष्ट आरामात दडून राहिली असती.

भिंतीवर रिपोर्ट मांडायची कल्पना जुनीच. अमेरिकेतल्या ह्यूज एअरक्राफ्ट कंपनीत 1960च्या दशकात प्रत्येक मुद्दा समोरासमोरच्या दोन पानांत बसवत, एकीकडे मजकूर, दुसरीकडे आकृती. लिहायला बसण्याआधी त्यांचे आराखडे भिंतीवर लावून सगळे मिळून तपासत.

आता गोंद. 3एम कंपनीतले संशोधक स्पेन्सर सिल्व्हर 1968 मध्ये जोरदार गोंद शोधत होते आणि हाती लागला हा कमजोर. त्यातल्या सूक्ष्म गोळ्यांमुळे कागद ठिपक्याठिपक्यांनीच टेकतो, म्हणून सहज निघतो आणि पुन्हा चिकटतो. स्वस्तातल्या गठ्ठ्यांना हे साधत नाही. एकदा रात्री पंखा चालू राहिला आणि सकाळी माझं अख्खं तिसरं प्रकरण फरशीवर. तेव्हापासून चिठ्ठीच्या कोपऱ्यात नंबर घालतो आणि निघताना भिंतीचा फोटो काढतो. गठ्ठ्यातून चिठ्ठी काढताना खालून वर ओढू नका, बाजूने सोला. नाहीतर ती वळते आणि भिंतीवर टिकत नाही.

सगळं पुन्हा टाइप करावं लागतं, हा ताप आहेच. दुसऱ्या गावी बसलेल्या सहकाऱ्याला फोटोतलं माझं अक्षरही लागत नाही.

पाचपैकी चार. फक्त तिन्ही रंगांचे गठ्ठे सारखे घेऊ नका. माझ्याकडे पिवळे कधीच संपले, गुलाबी अजून पडून आहेत.