लोखंडी कूलर, नागपूरचा पहिला उन्हाळा (रेटिंग: ५ पैकी साडेतीन)

आधीच सांगते, मी रत्नागिरीची. बँकेत बदली झाली आणि मार्चच्या शेवटी नागपूरला आले, मनीषनगरला भाड्याचा फ्लॅट, तोही सगळ्यात वरच्या मजल्यावर (ही चूक कूलरच्या नावावर टाकत नाही, माझीच). आमच्याकडे कूलर फक्त मंगल कार्यालयात बघितलेला, घरात कुणी घेत नाही, आणि का घेत नाही हे मला आत्ता कळलं. एसी घ्यायचं बजेट नव्हतं, घरमालकानं भिंत फोडायला पण नाही म्हटलं, म्हणून इतवारीतल्या एका दुकानातून लोकल बनावटीचा लोखंडी बॉडीचा कूलर घेतला. १८ इंची पंखा, ८० लिटरची टाकी, तीन बाजूंना वुडवूलच्या (म्हणजे लाकडाच्या बारीक धाग्यांच्या) ताट्या, स्टँडसकट ८२०० रुपये.

ऑफिसात सगळ्यांनी घाबरवायचं कंत्राटच घेतलेलं. २३ मे २०१३ ला ४७.९ डिग्री होतं मॅडम, तुम्ही काय बघितलंय! एक जण तर २०२४ च्या मे मधलं ५६ डिग्री सांगत होता, ते खरं म्हणजे ऑटोमॅटिक केंद्राचं सेन्सर बिघडलेलं होतं आणि हवामान खात्यानंच तसं सांगितलं होतं, पण त्याला ते ऐकायचंच नव्हतं.

तर पहिला आठवडा. कूलर हॉलच्या मधोमध ठेवला, सगळ्या खिडक्या लावल्या, दारं लावली, पडदे ओढले, म्हणजे गार हवा बाहेर जायला नको. डोक्यात एसीच ना. पहिला अर्धा तास मस्त, मग घर चिकट व्हायला लागलं, तासाभरात पेपर मऊ पडला, बिस्किटं मऊ, उशी ओली लागतेय, आणि घाम आहे तो आहेच. मला वाटलं पीस खराब दिला. दुकानात फोन केला तर तो म्हणाला मिस्त्री पाठवतो. तो मिस्त्री अजून येतोय.

शेजारच्या काकू वाटीभर सांडगे द्यायला आल्या आणि दारातच थांबल्या. "काऊन वं, खिडक्या लावून कूलर चालवून राहिली का? अवं हवेले बाहेर निघाले जागा दे ना!" मग त्यांनीच कूलर ढकलत बाल्कनीच्या खिडकीला लावायला लावला, पाठ बाहेर, तोंड आत, आणि समोरच्या बेडरूमची खिडकी चार बोटं उघडली. दहा मिनिटांत घर बदललं. काकू सांडग्यांची वाटी रिकामी करून घेऊन गेल्या, मी तिथंच उभी.

भाऊ फिजिक्स शिकवतो, त्याला फोनवर विचारलं तर तो म्हणाला अगं सोपं आहे, एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते, ती हवेतूनच खेचली जाते म्हणून हवा गार होते, पण तू खिडक्या लावून तीच ओली हवा परत परत फिरवत होतीस, तिच्यात पाणी मावणार कुठं? नागपूरची एप्रिल-मे ची हवा कोरडी ठणठणीत, म्हणून हे यंत्र इथं चालतं, रत्नागिरीत चालणार नाही. नंतर मी स्वस्तातला थर्मामीटर आणून बघितलं. दुपारी तीनला बाल्कनीत ४४, कूलरच्या जाळीसमोर २९, पलंगावर ३२. पंप आणि पंखा मिळून २०० वॅटच्या आसपास, त्या मानाने हे खूपच झालं.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी, शॉक. एका संध्याकाळी चालू कूलरमध्ये बादलीनं पाणी घालत होते, ओले पाय, आणि बॉडीला हात लागल्यावर झिणझिण्या आल्या, सरळ कोपरापर्यंत. इथं दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, पेपरात येतं, पण ते आपल्या घरात होईल असं वाटत नाही. या वेळी दुकानाची वाट न बघता सोसायटीतल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं टेस्टर लावून सांगितलं, सॉकेटला अर्थिंगच नाही, आणि पंपाची वायर टाकीच्या कडेला घासून सोललेली. "मॅडम, पाणी टाकाचं तं पिन काढूनच टाकाचं, बटन बंद करून नाही, पिन." वायर नवीन, अर्थिंग नवीन, ६५० रुपये गेले. यातलं अर्थिंग घरमालकाचं, वायर मात्र कंपनीची चूक, त्याचा एक स्टार कापला.

दुसरी, पंप. पाणी जड आहे, आणि नव्या ताटीतून लाकडाचे धागे गळत राहतात, ते जाऊन पंपात गुंडाळतात. पहिल्यांदा पंप बंद पडला तो रविवार, दुपारचे दोन, नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) चालू. चार मिस्त्रींना फोन केले, चौघंही "उद्या". रडायला आलं होतं खरंच. शेवटी पिन काढली (दोनदा बघितलं), पंप बाहेर काढला, खालची जाळी नखानं उचकटली, आत छोटंसं पंख्याचं चाक, त्याला धाग्यांचा बोळा असा आवळलेला की जणू कुणी मुद्दाम बांधलाय, वर पांढरा क्षार. जुना टूथब्रश, थोडं व्हिनेगर, चिमटा. पाऊण तास गेला. दुसऱ्यांदा झालं तेव्हा वीस मिनिटं. तिसऱ्यांदा आईशी फोनवर बोलत बोलत काढला, धुतला, बसवला, आणि आईला कळलं पण नाही. आता तर आवाजावरून कळतं, पाण्याची सळसळ पातळ झाली की समजायचं वरच्या पन्हाळीची भोकं बुजलीत, स्टोव्हची पिन फिरवायची झालं.

असंच बाकीचं. पंखा लावायच्या आधी दहा मिनिटं नुसता पंप सोडायचा, नाहीतर तोंडावर भट्टी. दर शनिवारी टाकी पूर्ण रिकामी करून आतून ब्रशनं घासायची, नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून बसतात आणि कोरडी पडली तरी मरत नाहीत. शरीराचंही तेच. रत्नागिरीत ३४ ला घाम निथळतो, इथं ४४ ला घाम आलेलाच कळत नाही, जागच्या जागी वाळतो, संध्याकाळी कुर्त्यावर मिठाच्या रेघा दिसतात तेव्हा कळतं. पहिल्या आठवड्यात त्याच्यामुळेच डोकं धरायचं, पाणी प्यायचं सुचायचंच नाही. दोनेक आठवड्यांत सवय झाली, सोबत कैरीचं पन्हं आणि डोक्याला दुपट्टा.

तिसरी तक्रार, लूव्हरची (समोरच्या हवा फिरवणाऱ्या पट्ट्यांची) मोटर महिन्यात गेली, आता हातानं फिरवते. चौथी, तळाचा रंग सुटून गंज दिसतोय. आवाज एवढा की टीव्ही ओरडतो का कूलर कळत नाही. हे सगळं धरून साडेतीन. आणि दुकानाचा "फ्री सर्व्हिस"चा शिक्का बिलावर आहे तेवढाच.

घ्यायचा असेल तर लोखंडी बॉडीच घ्या, भाग सगळीकडे मिळतात, पण अर्थिंग आधी तपासा, ताटी खसाची मिळाली तर बघा, वास फार छान येतो, महाग आहे जरा. आणि होळीच्या आधी घ्या.

जूनच्या मध्यावर पाऊस आला आणि कूलर एका रात्रीत निकामी, हवेत आधीच ओल, पाणी वाळणार कुठं. काकू वैतागून पदरानं वारा घेत आल्या, "कसं चिपचिप होऊन राहिलं वं, मीठ पाहा, पाणी सुटलं." मी त्यांचा पंप बंद करून नुसता पंखा ठेवला, मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकून दिले, पापडाचा डबा उचलून माझ्या फ्रीजवर ठेवला. "तुले कसं माहीत हे सगळं?" म्हणाल्या. म्हटलं काकू, हा आमचा सीझन.