लॅब ऑटोमेशनच्या जागेवर कोण घ्यावं: इन्स्ट्रुमेंटेशनवाला की बेंचवरचा केमिस्ट?

क्यूसीत, म्हणजे मालाची तपासणी करणाऱ्या लॅबमध्ये, पिपेटिंगचा (नमुना मोजून ओढायचा-सोडायचा) रोबो यायचाय, त्याआधी त्याच्यासाठी माणूस नेमायचाय, आणि टेबलावर दोन बायोडाटा आहेत. एक इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनिअर, दुसरी आठ-दहा वर्षं बेंचवर, म्हणजे हाताने तपासण्या करण्यात, काढलेली एम.एस्सी. ॲनालिटिकल. जळगाव-धुळ्याकडच्या दोघा-तिघांनी मला हेच विचारलं. मी दोन्ही करून बसलोय, म्हणून लिहितो. आमचा कारखाना औषधांचा, सिरप आणि सस्पेन्शनचा (न विरघळलेली पूड असलेलं पातळ औषध). तुमचा माल वेगळा असेल तर माझं मत थोडं कमी धरा.

जागा छोटी वाटते, पण खरेदी तिच्याच हातात जाते. पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) सही शेठची असते, मशीन मात्र ठरतं यूआरएस, म्हणजे मशीनकडून आपल्याला काय काय हवं तो कागद, लिहिला जातो त्या दुपारी. ‘टिप (पिपेटचं बदलायचं टोक) कुठल्याही कंपनीची चालली पाहिजे’ ही एक ओळ घातली की निम्मे व्हेंडर गळतात. पुढे पर्चेसवाला उरलेल्यांत एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दरवाला, शोधतो, एवढंच त्याचं काम. तेव्हा प्रश्न माणसाचा नाही, यूआरएस कोण लिहिणार याचा आहे.

आम्ही आधी इंजिनिअर घेतला. पोरगा हुशार, याबद्दल वाद नाही. पहिल्याच आठवड्यात त्याने सॉकेटला मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये येणारं व्होल्टेज दाखवलं आणि रोबो बसण्याआधी नवीन अर्थिंग करून घेतलं. मे महिन्यातली एमआयडीसीतली लाइन ज्याने पाहिली आहे त्याला याची किंमत कळेल. लिम्सच्या (लॅबच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) जोडणीचं व्हेंडरने वेगळं कोटेशन दिलं होतं, ते काम याने घरच्या घरी केलं. सीएमसीचा (देखभालीच्या कराराचा) दर पाडताना तर मी नुसता बसून ऐकत होतो.

पण डेमो त्याने पुण्याला जाऊन पाहिला, आणि डेमो होता रंगीत पाण्याचा.

मशीन आलं, आयक्यू-ओक्यू, म्हणजे मशीन नीट बसलंय आणि नीट चालतंय याच्या चाचण्या, सुरळीत पार पडलं. ओक्यूही डिस्टिल्ड वॉटरवरच. मग पहिल्या खोकल्याच्या सिरपचा ॲसे (औषधाचं मोजलेलं प्रमाण) कमी आला. परत केला, परत कमी. साखरेचं सिरप म्हणजे घनता १.३ च्या आसपास, टिपच्या आतल्या भिंतीला चिकटून बसतं, आणि सोडून झाल्यावरही टोकाला एक थेंब लोंबत राहतो. तो थेंब दुसऱ्या नमुन्याकडे जाताना डेकवर, म्हणजे रोबोच्या टेबलावर, पडायचा. मी विचारलं की उत्तर ठरलेलं: “सर, मशीन ओके आहे, सर्टिफिकेट बघा.” सर्टिफिकेट खरंच ओके होतं. पाण्याचं होतं. इकडे साडेपाचला घरी निघालेल्या पोरी पर्स ठेवून पुन्हा हाताने डायल्यूशन (नमुना मोजून पातळ करणं) करायला बसायच्या. पंधरा दिवस हे चाललं. आमचा जुना लॅब अटेंडंट डेक पुसता पुसता म्हणाला, “यंत्र हुशार शे भाऊ, पन त्याले सिरप माहीत नही.”

शेवटी बेंचवरच्या एका ताईंना बसवलं. शहाद्याकडच्या, कोडिंगचा गंध नाही. त्यांनी मशीनकडे न बघता आधी विचारलं, “सिरप आपण कधी पिपेटने मोजतो का? तोलतो ना?” मी गप्प. वेट पर एमएल (एका मिलिलिटरचं वजन) काढून वजनावर सिरप घ्यायचं, हे आम्ही वर्षानुवर्षं हाताने करत होतो आणि मशीन घेताना विसरलो होतो. त्यांनी सिरपचा पहिला टप्पा काट्यावर आणला, पुढची पातळ डायल्यूशन्स रोबोला दिली. सस्पेन्शनसाठी ओढण्याचा-सोडण्याचा वेग उतरवला, टिपखाली एअर गॅप, म्हणजे थेंब गळू नये म्हणून थोडी हवा, ठेवला. मी काही तक्ते ठेवले नाहीत, पण साडेपाचला लॅब रिकामी व्हायला लागली.

शेठना हे पटवताना मी जुना दाखला दिला. टेक्निकॉन कंपनीचा ऑटोॲनालायझर (नमुने आपोआप तपासणारं यंत्र) १९५७ मध्ये बाजारात आला, तो ज्याच्या डोक्यातून निघाला तो लिओनार्ड स्केग्ज बायोकेमिस्ट होता. त्याच सुमाराला जर्मनीत पिस्टन पिपेट (तोंडाऐवजी दट्ट्याने ओढायची) बनवणारा श्निटगर डॉक्टर. म्हणजे तोंडाने पिपेट ओढून कंटाळलेली माणसं. शेठ म्हणाले, “मग आपल्या ताईंना पेटंट घ्यायला लावा.” असो.

हे सगळीकडे लागू नाही, हेही सांगतो. रक्त तपासणीची मोठी लॅब असेल, नमुने बहुतेक सिरमचे, बारकोड लावलेले आणि रोज हजारांत, तर अडचण इंटरफेसची, म्हणजे मशीन आणि लिम्स जोडण्याची, असते. तिथे मी इंजिनिअरच घेईन. आणखी एक जात असते, व्हेंडरकडून फुटून आलेला ॲप्लिकेशनवाला, म्हणजे गिऱ्हाइकाकडे मशीन चालवून देणारा. कुठला पार्ट कधी जातो ते त्याला तोंडपाठ, पण यूआरएसमध्ये त्याची जुनी कंपनी हळूच डोकावते. त्याला मी सल्ल्याला बोलावीन, लिहायला नाही.

आमच्यासारख्या लॅबमध्ये, चिकट, फेसाळ, गाळ बसणारे नमुने असतील तर, माझा कल तुम्हाला कळलाच असेल. इंजिनिअर आजही आहे, अर्थिंग, सीएमसी, लिम्स त्याच्याकडेच. फक्त यूआरएसवर पहिली सही आता ताईंची असते.

गेल्या महिन्यात दुसऱ्या मशीनचा डेमो बघायला त्या मुंबईला गेल्या. पिशवीत डबा, आणि डब्याखाली आमच्या सिरपची सीलबंद बाटली. डेमोवाल्या पोराने निळं पाणी भरून तयार ठेवलं होतं. ताईंनी बाटली त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती तिरकी करून पाहिली, आत सिरप किती सावकाश सरकतंय ते बघितलं, आणि आधी टिश्यू पेपरचा गठ्ठा मागवला.