विडंबन लिहावं की खोटी बातमी? विनोदी लेखन सुरू करणाऱ्यासाठी एक आढावा

मराठीत ऑनलाइन विनोदी लिहायचं ठरवलंत की दोन प्रकार लगेच हाताशी येतात. एक, सगळ्यांना पाठ असलेल्या कवितेचं, गाण्याचं किंवा श्लोकाचं विडंबन. दुसरा, वर्तमानपत्री भाषेत लिहिलेली धडधडीत खोटी बातमी. लांबून दोन्ही सारखेच दिसतात, कारण दोन्हींत दुसऱ्याचा आवाज उसना घ्यायचा असतो. पण त्यांना लागणारी मेहनत वेगळी, वाचक वेगळा आणि अंगाशी येण्याची तऱ्हाही वेगळी. कुठलं निवडू, असं विचारणाऱ्याला मी आधी एकच काम सांगतो: विषय एकच घ्या आणि दोन्ही प्रकारे लिहून बघा.

समजा, विषय आहे सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा. आधी विडंबन. मनाच्या श्लोकांची चाल बहुतेकांच्या कानात असते, म्हणून तीच घेऊ:

मना कोरमाची नको वाट पाहू
समोसे किती ते जरा मोज, भाऊ
हिशेबास येताच सारे शहाणे
'घरी दूध गेले उतू' हे बहाणे

आता बातमी:

कोथरूड, ता. १४ – येथील एका गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत काल 'आयत्या वेळचे विषय' खरोखरच आयत्या वेळी मांडण्यात आल्याने सभासदांत एकच खळबळ उडाली. 'गेली २२ वर्षे हे विषय आधीच ठरलेले असायचे,' असे अध्यक्षांनी सांगितले. खजिनदारांना पाणी देण्यात आले असून त्यांची प्रकृती स्थिर आहे.

पहिल्यात मेहनत कुठे गेली ते सांगतो. श्लोकांचं वृत्त भुजंगप्रयात: लघु (आखूड अक्षर), गुरू (लांब अक्षर), गुरू असा गट प्रत्येक ओळीत चार वेळा. शेवटच्या ओळीत मला 'अचानक' हा शब्द फार हवा होता. सगळे अचानक उठतात, गंमत तिथेच तर आहे. पण 'अचानक' म्हणजे लघु, गुरू, लघु, लघु. तो घातला की चाल मोडते, आणि चाल मोडली की वाचक हसायच्या ऐवजी अडखळतो. मग शब्द सोडायचा आणि त्याचं काम दुधावर टाकायचं. विडंबनात निम्मा वेळ असाच जातो. ज्यांना हा वेळ वाया गेला असं वाटत नाही, त्यांनीच या वाटेला जावं. मात्रा न मोजता 'चालीवर म्हणून बघा' अशी टीप टाकून दिलेली विडंबनं ढिगाने सापडतात, आणि म्हणून बघितली की पहिल्याच ओळीत धाप लागते.

बातमीत असा वृत्ताचा जाच नाही. तिथे चेहरा गंभीर ठेवण्याचा जाच आहे. 'एकच खळबळ उडाली', 'प्रकृती स्थिर आहे' ही वाक्यं मी जशीच्या तशी उचलली. त्यांना हात लावला असता तर मजा गेली असती. उद्गारचिन्ह एकही नाही. '२२ वर्षे' हा आकडा 'अनेक वर्षे'पेक्षा जास्त काम करतो. आणि लेखकाने स्वतः कुठेही डोळा मारलेला नाही. नवशिक्यांचा हात इथेच सुटतो. तिसऱ्या वाक्यात त्यांना राहवत नाही, ते 'हा हा, काय हे सभासद' अशा सुरात शिरतात आणि बातमीचा सोंगाडी होतो.

बातमीची दुसरी अडचण म्हणजे वास्तव. कोरम भरला नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब करायची आणि मग त्याच हजर मंडळींत कोरमशिवाय घ्यायची, ही सोय सोसायट्यांच्या उपविधींतच आहे. यावर खोटी बातमी काय लिहिणार? खरी बातमीच पुरते. राजकारणावर लिहिणाऱ्यांना हा अनुभव रोज येतो: दुपारी लिहिलेली अतिशयोक्ती रात्रीपर्यंत कुणीतरी पत्रकार परिषदेत गंभीरपणे बोलून दाखवतो. विडंबनाला ही भीती कमी, कारण त्याचा विनोद घटनेपेक्षा आवाजात असतो.

टिकतं काय, यावर लोकांचा एक ठाम समज असतो: विडंबन टिकतं, बातमी दुसऱ्या दिवशी शिळी. हे अर्धंच खरं आहे. प्र. के. अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने लिहिलेल्या विडंबनांचा संग्रह, 'झेंडूची फुले', १९२५ चा. त्या काळच्या कवींच्या लकबी त्यात चिमटीत पकडलेल्या आहेत. त्यातल्या कितीतरी मूळ कविता आज कुणाला आठवत नाहीत, तरी 'परीटा, येशिल कधी परतून' ही ओळ ऐकून माणूस हसतोच. कारण त्यात एका कवितेची नाही, विरहाच्या अख्ख्या सुराची टिंगल आहे. वाट बघणारं आर्त काळीज आणि समोर धुतलेले कपडे घेऊन न आलेला परीट, हे कळायला मूळ माहीत असण्याची गरज नाही. याउलट गेल्या महिन्यात गाजलेल्या गाण्याचं ओळीला ओळ विडंबन गाणं उतरलं की उतरतं. तेव्हा विडंबन करायचं तर एका रचनेपेक्षा एका ढंगाचं करा: निवेदकाचा ढंग, कीर्तनकाराचा, मोटिव्हेशनल वक्त्याचा, 'नमस्कार मंडळी' म्हणणाऱ्या पाककृतीच्या चॅनेलचा.

आणि बातमीही टिकू शकते. अमेरिकेतल्या 'द ओनियन' या खोट्या बातम्यांच्या विनोदी वृत्तपत्राने २०१४ साली सामूहिक गोळीबाराच्या एका घटनेनंतर एक बातमी छापली. मथळ्याचा आशय असा, की हे टाळण्याचा काही मार्गच नाही, असं जगात फक्त जिथे हे नियमित घडतं तोच देश म्हणतो. त्यानंतर अशी मोठी घटना घडली की ठिकाण आणि आकडे बदलून तीच बातमी ते पुन्हा देतात. विनोद म्हणून ती आता कुणाला हसवत नाही. पण त्या विषयावरच्या शेकडो अग्रलेखांपेक्षा ती जास्त लोकांना आठवते. टिकाऊपणा मिळाला तो मजकूर न बदलण्यातून. विडंबनकाराला हा डाव खेळता येणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे फॉरवर्ड झाल्यावर काय होतं. मराठी विनोदाचा मोठा वाचक व्हॉट्सअॅपवर आहे आणि तिथे तुमच्या पानाचं नाव, बोधचिन्ह, 'हे काल्पनिक आहे' ही तळटीप, सगळं पहिल्या दोन हातांतच गळून पडतं. खोट्या बातमीवरची पाटी गेली की ती अफवा होते. विडंबनावरचं नाव गेलं की ते पु. लं. च्या नावावर जमा होतं. माझ्या मते निवड करताना हाच फरक सगळ्यात आधी तोलावा. विडंबनात तुमचं श्रेय जातं, बातमीत दुसऱ्याची झोप जाऊ शकते.

फसणारे फक्त भोळे काका-काकू असतात असंही नाही. २०१२ मध्ये 'द ओनियन'ने उत्तर कोरियाच्या किम जोंग-उनला वर्षातला सर्वांत देखणा पुरुष ठरवलं. चीनच्या 'पीपल्स डेली'च्या संकेतस्थळाने ती बातमी खरी मानून पंचावन्न छायाचित्रांसह झळकवली. त्याआधी २००९ मध्ये, चंद्रावर उतरणं हे थोतांड होतं असं नील आर्मस्ट्राँगला पटल्याची ओनियनची बातमी बांगलादेशातल्या दोन वृत्तपत्रांनी छापली आणि नंतर माफी मागितली. २०१५ मध्ये 'फिफा' या जागतिक फुटबॉल संघटनेचे माजी उपाध्यक्ष जॅक वॉर्नर ओनियनच्या बातमीचा कागद हातात धरून स्वतःचा बचाव करताना दिसले. या तिन्ही ठिकाणी वाचक व्यवसायाने शहाणा होता.

मग वर मोठ्या अक्षरांत 'उपहास' असं लिहावं का? याचं उत्तर ओनियनने २०२२ मध्ये थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दिलं. ओहायोतल्या पार्मा गावच्या पोलिसांचं नकली फेसबुक पान काढणाऱ्या एका तरुणाला २०१६ मध्ये अटक झाली होती. ज्युरीने त्याला निर्दोष सोडल्यावर त्याने पोलिसांवर दावा लावला होता. त्याच्या बाजूने दिलेल्या निवेदनात ओनियनने मांडलं, की वाचक क्षणभर फसतो यावरच असा उपहास चालतो, आणि आधीच पाटी लावली तर तो मरतो. न्यायालयाने २०२३ मध्ये ते प्रकरण सुनावणीला घेतलंच नाही. युक्तिवाद मला पटतो, पण आपल्याकडच्या फॅमिली ग्रुपमध्ये तो घेऊन बसता येत नाही. तिथे पाटी मजकुराच्या आत लागते: मथळ्यातच अशक्य गोष्ट हवी, स्क्रीनशॉट कापला तरी ती उरली पाहिजे. वरच्या सभेच्या बातमीला कुणी खरं मानलं तरी नुकसान शून्य. पाणीकपात, परीक्षेची तारीख, औषध, जातीय तणाव, बँक बंद होणं, हे विषय मात्र खोट्या बातमीसाठी घेऊच नयेत. यावर विनोद करायचाच असेल तर विडंबन करा, कारण श्लोक वाचून कुणी एटीएमसमोर रांग लावत नाही.

कायद्याचं थोडक्यात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका आणि समीक्षणासाठी 'न्याय्य वापरा'ची सवलत आहे, पण विडंबन हा शब्द तिथे नाही. अमेरिकेत १९९४ च्या एका निकालाने विडंबन गीताला न्याय्य वापराची वाट मोकळी करून दिली. आपल्याकडे कायद्यात तेवढी स्पष्ट सोय नाही. म्हणून जुन्या काव्यवृत्तांत आणि संतकाव्याच्या छंदांत लिहिणं सगळ्यात निर्धास्त, किमान मालकी हक्कापुरतं तरी. भावना दुखावण्याचा हिशेब वेगळा, आणि आरतीला हात घालण्याआधी तो करावाच. चित्रपटगीताची चाल घेऊन व्हिडिओ करणार असाल तर संगीत कंपनीचा दावा कधीही येऊ शकतो. नुसता मजकूर लिहिलात तर हा त्रास बराच कमी.

बातमीवाल्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०२४ चा निर्णय माहीत असलेला बरा. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा 'बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा' ऑनलाइन मजकूर सरकारनेच नेमलेल्या तथ्यतपासणी केंद्राने ठरवावा, अशी दुरुस्ती २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत झाली होती. तिला आव्हान देणाऱ्यांत विनोदकार कुणाल कामराही होता, आणि राजकीय उपहासच यात भरडला जाईल हा त्याचा मुद्दा होता. दोन न्यायमूर्तींत मतभेद झाल्यावर तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मताने ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरली. पण कागदावरचं संरक्षण एक आणि रस्त्यावरचं दुसरं. त्याच कामराने हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर केलेल्या राजकीय विडंबनानंतर मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारच्या 'हॅबिटॅट' स्टुडिओची तोडफोड झाली. म्हणजे विडंबनात धोका नाही असं समजू नका. चाल डोक्यात बसते, म्हणूनच ती जास्त झोंबते.

गतीचा प्रश्न उरतो. बातमी हा सांघिक खेळ आहे. ओनियनची पद्धत आधी मथळे लिहायची: लेखक मथळ्यांचा ढीग आणतात, बहुतेक फेकले जातात, उरलेल्या मोजक्यांवरच मजकूर लिहिला जातो. भारतात २००८ मध्ये सुरू झालेलं 'फेकिंग न्यूज' एका माणसाने उभं केलं आणि २०१३ मध्ये एका मोठ्या माध्यमसमूहाने विकत घेतलं. विडंबन कवितेच्या पानाचं असं काही झालेलं माझ्या तरी ऐकिवात नाही. तुम्हाला रोज काहीतरी टाकायचं आहे, दोन-तीन मित्र सोबत आहेत, एकमेकांचे मथळे निर्दयपणे खोडायची तयारी आहे, तर बातमीच घ्या. एकटे असाल, आठवड्याला एक लिहिलं तरी चालणार असेल आणि शब्द उलटेपालटे करत बसण्यात सुख असेल, तर विडंबन.

वाचकही बघा. चाळिशीच्या पुढच्या, मराठी शाळेतल्या वाचकाला वृत्ताचा, जुन्या भावगीताचा धागा लगेच सापडतो. इंग्रजी शाळेतून आलेल्या पंचविशीतल्या मुलांकडे तो साठा नाही. त्यांना चॅनेलवरची ब्रेकिंग न्यूजची भाषा मात्र पक्की ठाऊक आहे. परदेशातल्या मंडळांच्या गणेशोत्सवात तर विडंबन गीत हमखास चालतं, फक्त मूळ गाणं तिथली मंडळी देश सोडून गेली त्या काळातलं हवं.

आणि दोन्हींत जीव अडकला नाही, तर मधली एक वाट आहे, ती मला नवख्यासाठी सगळ्यात बरी वाटते: कागदपत्रांची नक्कल. सोसायटीची नोटीस, लग्नपत्रिका, शाळेचं परिपत्रक, वाढदिवसाचा फ्लेक्स, राशिभविष्य. यांचा साचा सगळ्यांना माहीत असतो, मात्रा मोजाव्या लागत नाहीत आणि अफवेची भीतीही कमी. 'वृषभ : पार्किंगमध्ये लाभ, मात्र तो दुसऱ्याच्या जागेवर. मिथुन : थकबाकीदारांच्या यादीत नाव झळकेल, प्रसिद्धीयोग.' अशा बारा राशी लिहायला एक संध्याकाळ पुरते. पुणेरी पाट्यांना तेवढं सोडा, त्या आता खऱ्याच इतक्या झाल्यात की नकलेला जागा उरलेली नाही.