मुदत ठेवीवरचे क्रेडिट कार्ड : चौदा महिन्यांच्या वापरानंतरचे मत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझे लेथकामाचे छोटे दुकान आहे. बावीस वर्षांत मी दोन यंत्रे कर्जाने घेतली. दोन्ही वेळी कर्ज जवळच्या पतसंस्थेचे होते आणि दोन्ही मुदतीच्या आत फिटले. भिशीचा हप्ता कधी चुकला नाही, आणि लोखंडाचे व्यापारी महिन्याभराची उधारी आजही विनातक्रार लिहून ठेवतात. असे असताना गेल्या वर्षी जानेवारीत एका खासगी बँकेकडे साध्या क्रेडिट कार्डासाठी केलेला अर्ज आठवड्याभरात नामंजूर झाला. चौकशीला गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलाने संगणकावरून नजर न हलवता सांगितले, "सर, तुमचा सिबिल निघतच नाही."

माझा सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण, खराब नव्हता, तो अस्तित्वातच नव्हता. अहवालात गुणांच्या जागी ‘एनएच’ ही दोन अक्षरे होती. इतिहास नाही, असा त्याचा अर्थ. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार संस्थांकडे बँका व वित्त कंपन्या कर्जदारांची माहिती पाठवतात आणि त्यावरून 300 ते 900 यांमधील गुण ठरतात. पतसंस्था मात्र 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या असतात, त्या बँका नव्हेत, आणि बहुतेकींचे व्यवहार या चौघांपर्यंत पोहोचत नाहीत. भिशीचा तर प्रश्नच नाही. पतसंस्थेत मी तिघांना जामीन राहिलो होतो, त्याचीही कोठे नोंद नव्हती; त्या तिघांपैकी एकाने दिलेला मनस्ताप पाहता हे एका अर्थी बरेच झाले. बँकेच्या कर्जाला जामीन राहिल्यास मात्र ते कर्ज आपल्या अहवालात दिसते, हे ध्यानात असू द्यावे.

यावर उपाय म्हणून त्याच मुलाने सुचवलेले मुदत ठेवीवरचे कार्ड मी दुसऱ्या एका बँकेच्या राजारामपुरीतील शाखेतून घेतले. पुढे तक्रारीही येणार असल्याने दोन्ही बँकांची नावे लिहीत नाही. पॅन आणि आधार एवढ्यावर काम झाले, उत्पन्नाचा पुरावा मागितला गेला नाही. मी 50,000 रुपयांची दोन वर्षांची ठेव ठेवली आणि तिच्या नव्वद टक्के, म्हणजे 45,000 रुपयांची मर्यादा मिळाली. सातबाऱ्यावर बोजा चढतो तसा या ठेवीवर बँकेचा बोजा चढतो. कार्ड चालू असेपर्यंत ती मोडता येत नाही, व्याज मात्र नेहमीच्या दराने मिळत राहते. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा संरक्षण असल्याने रक्कम अडकली तरी बुडण्याची धास्ती नव्हती.

वस्तू म्हणून पाहिले तर हे कार्ड सामान्यच आहे. वर्षाला 500 रुपये शुल्क आणि त्यावर जीएसटी, खर्चावर मिळणारे रिवॉर्ड पॉइंट नावापुरते, पेट्रोलवर सवलत नाही. एक गोष्ट मात्र खरोखर उपयोगी पडली. कार्ड रुपे या देशी कार्डप्रणालीचे असल्याने ते यूपीआयला जोडता येते आणि दुकानदाराचा क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देता येतात; डिझेल, हार्डवेअर, औषधे, एवढेच काय, मिसळीचे बिलही मी असेच दिले. अर्थात आपल्याकडे अनेक टपऱ्यांवर मालकाच्या खासगी खात्याचा कोड चिकटवलेला असतो, तेथे हे कार्ड चालत नाही, कारण क्रेडिट कार्डावरून व्यक्तीला पैसे पाठवण्याची सोय नाही.

हे कार्ड घेण्याचे खरे कारण एकच, ते म्हणजे त्याची नोंद नेहमीच्या क्रेडिट कार्डासारखी चारही संस्थांकडे जाते. म्हणूनच "ठेव आहेच, बिल थोडे उशिरा भरले तरी बिघडत नाही" हा जो समज मी दोन-तीन जणांकडून ऐकला, तो महागात पडणारा आहे. बँक लगेच ठेवीला हात लावत नाही. आधी विलंब शुल्क आणि व्याज लागते, थकबाकीची नोंद होते, आणि ठेवीतून वसुली त्यानंतरची. ज्या नोंदीसाठी हा सगळा खटाटोप केला, तीच अशाने डागाळते. बिलावर ठळक छापलेली ‘किमान देय रक्कम’ हाही तसाच सापळा आहे. वीस हजारांच्या बिलापैकी हजार भरले, तर उरलेल्या एकोणीस हजारांवर महिना साडेतीन टक्के दराने 665 रुपये व्याज आणि त्यावर सुमारे 120 रुपये जीएसटी लागतो, शिवाय नव्या खरेदीवरचा बिनव्याजी काळही बंद होतो. आपल्याकडचा खासगी सावकारसुद्धा याहून फार पुढे जात नसेल.

सातव्या महिन्यात माझे गुण प्रथमच दिसले: 742. नवव्या महिन्यात कार्बाइड टूल आणि एक ग्राइंडर मिळून 38,000 रुपयांची खरेदी या कार्डावर केली, बिल वेळेत पूर्ण भरले, तरीही गुण 719 वर उतरले. 2025 च्या जानेवारीपासून बँकांना ही माहिती पंधरवड्याला किंवा त्याहून लवकर द्यावी लागते, आणि ज्या दिवशी ती गेली त्या दिवशी माझी ऐंशी टक्क्यांहून अधिक मर्यादा वापरलेली दिसत होती. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहावे असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. माझ्या बाबतीत ते 13,500 रुपये होतात. त्यानंतर मोठी खरेदी झाली की बिल निघण्याची वाट न पाहता चार-सहा दिवसांतच रक्कम भरू लागलो. पुढल्या दोन महिन्यांत गुण सावरले आणि बाराव्या महिन्यात 761 झाले.

शाखेच्या सेवेबद्दल चांगले लिहावे असे फारसे काही नाही. खात्यातून बिल आपोआप वळते होण्याची सोय सुरू केल्याचे तोंडी सांगितले गेले, प्रत्यक्षात ती नोंदलीच नव्हती, आणि तिसऱ्या महिन्याचे बिल मी दोन दिवस उशिरा भरले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाला तरच विलंब शुल्क आकारता येते आणि थकबाकी कळवता येते, म्हणून थोडक्यात निभावले. वर्ष झाल्यावर हेच कार्ड ठेवीविना साध्या कार्डात बदलून मागितले, तर "ते सिस्टिम ठरवते" एवढेच उत्तर मिळाले. वर्षभर न चुकता पैसे भरणाऱ्या ग्राहकाला असे उत्तर देणे मला तरी शोभादायक वाटत नाही.

मग एकाच ठिकाणी, तिसऱ्याच बँकेकडे अर्ज केला. चार ठिकाणी एकदम अर्ज केले, तर प्रत्येक बँकेची चौकशी अहवालात नोंदली जाते आणि गरजू माणसाची धावपळ त्यात उघडी पडते. आपण स्वतः अहवाल पाहिल्याने मात्र गुण घटत नाहीत; चारही संस्थांना वर्षातून एक संपूर्ण अहवाल मोफत द्यावा लागत असल्याने मी दर तीन महिन्यांनी एकेकीकडून मागवत गेलो. चौदाव्या महिन्यात नवे कार्ड मंजूर झाले: 1,20,000 रुपयांची मर्यादा, पेट्रोलवरच्या अधिभारात सूट, आणि विमानतळावरील लाउंजची मोफत सोय, जिचा उपयोग मला कधी होईल हे अंबाबाईलाच ठाऊक.

ज्यांनी बँकेचे गृहकर्ज किंवा वाहनकर्ज नियमित फेडले आहे, त्यांना या कार्डाची गरज नाही. माझ्यासारखा ज्याचा सारा व्यवहार पतसंस्था, भिशी आणि रोखीत झाला, त्याने ते अवश्य घ्यावे, मात्र वर्षभर अडकली तरी अडचण होणार नाही एवढीच ठेव ठेवावी. जुने कार्ड मी लगेच बंद केलेले नाही, कारण माझ्या अहवालातले सर्वांत जुने खाते तेच आहे. ठेवीची मुदत पुढील फेब्रुवारीत संपते. त्यानंतर अर्ज दिला की, थकबाकी नसल्यास, बँकेला सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावे लागते, नाहीतर दिवसाला 500 रुपये दंड बँकेकडून ग्राहकाला मिळतो. या शाखेचा आजवरचा वेग पाहता त्या अर्जाची पोच मी शिक्क्यासह घेणार आहे. तोपर्यंत दुकानाच्या फोनचे बिल तेवढे या कार्डावर जाते.